खोट्या दाखल्याचा पत्ता

प्रति,
मा. जिल्हाधिकारी (सर्व),
महाराष्ट्र राज्य

विषय : तृतीयपंथी ओळखीचे बाजारात मिळणारे दाखले आणि आपल्या कार्यालयातून मिळायचा दाखला

दिनांक : १५ एप्रिल २०२५

महोदय / महोदया,

कचेरीच्या फाटकाबाहेर, मुद्रांक विक्रेत्याच्या शेजारी माझं टेबल आहे. पूर्वी त्यावर टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. सत्तावीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितो आहे. तुमच्यापर्यंत पोचणाऱ्या कागदांत ‘सविनय अर्ज करतो की’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंतचे शब्द माझे असतात, सही किंवा अंगठा दुसऱ्याचा. या कागदावर दोन्ही माझंच आहे. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्या कचेरीतला ज्या टेबलाबद्दल मी लिहिणार आहे तिथला कारकून वाईट माणूस नाही. आणि तुमच्याही कचेरीत तोच बसलेला असणार, आडनाव तेवढं वेगळं.

फेब्रुवारीत एक दिवस दुपारी, जेवणाची सुट्टी संपता संपता, ती माझ्याकडे आली. तिचं नाव सांगत नाही. ज्या नावासाठी ती दीड वर्ष हिंडते आहे ते तिला न विचारता मी इथे लिहून टाकणं बरं नव्हे. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकचा फोल्डर काढला आणि त्यातून एक कागद. जाड, गुळगुळीत, कडेनं सोनेरी वेलबुट्टी. वर मधोमध राजमुद्रेसारखं काहीतरी, पण नीट बघितलं तर राजमुद्रा नाही. खाली मोठ्या अक्षरांत ‘लिंग ओळख प्रमाणपत्र’. मग तिचं नाव, फोटो, ‘लिंग : स्त्री’. उजव्या कोपऱ्यात मोबाईलच्या चार्जरच्या खोक्यावर असतो तसला चमकणारा गोल स्टिकर. सही कुणाची तर ‘अधिकृत स्वाक्षरीकर्ता’. जिल्हा नाही, कायद्याचं नाव नाही, जावक क्रमांक नाही. ‘प्रमाणित’मधला ‘णि’ दीर्घ काढलेला होता. पण तसा तो सरकारी कागदांतही असतो, त्यामुळे तेवढ्यावरून काही म्हणता येत नाही.

साडेचार हजार रुपये. फोनवर बोलणं झालं, फोटो पाठवला, चार दिवसांत कुरियरनं घरपोच. तो घेऊन ती बँकेत गेली, खात्यावरचं नाव बदलायला. तिथल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला, आत नेऊन दाखवला आणि परत येऊन मोठ्यानं विचारलं, हे कुठून छापून आणलंत, पोलिसांत देऊ का. मागे रांग होती. ती रांग सोडून थेट फाटकावर आली. पाणी प्यायली. मग म्हणाली, “काका, मी फसवायला गेले नव्हते हो.”

ते मला कळत होतंच. मला विचारायचं होतं ते वेगळं. अगं, सरकारचा दाखला फुकट मिळतो, मग हा विकत कशाला घेतलास?

तिनं कचेरीकडे हात केला. “तिथे आधी गेले होते ना. डॉक्टरचं पत्र आण म्हणाले, की तू खरंच तशी आहेस. सरकारी दवाखान्यात गेले, तर ते म्हणाले आम्हाला कचेरीचं पत्र लागेल. परत इथे, परत तिथे. चार वेळा. मग एकीनं नंबर दिला.”

साहेब, मॅडम, हे पत्र त्या ‘डॉक्टरचं पत्र आण’बद्दल आहे. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आज १५ एप्रिल. काल जयंतीची सुट्टी होती म्हणून फाटक बंद होतं, आज उघडलं. बरोबर अकरा वर्षांपूर्वी, १५ एप्रिल २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल दिला. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा, असं त्यात आहे. त्यानंतर तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा आला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम निघाले. कायदा म्हणतो दाखला जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचा. म्हणजे तुम्ही. नियम म्हणतात नमुना १ मध्ये अर्ज, सोबत नमुना २ चं प्रतिज्ञापत्र, बस. कुठलीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता, प्रतिज्ञापत्रावरून दाखला आणि ओळखपत्र द्यायचं, तीस दिवसांच्या आत. अर्ज ऑनलाइन, केंद्राच्या पोर्टलवर. ते पोर्टल २५ नोव्हेंबर २०२० ला सुरू झालं, तेव्हा कोविडचे दिवस होते आणि माझं टेबल घरात होतं.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आस्थापनेत ज्याच्याकडे हा विषय आहे त्याला किती माहीत आहे, एवढंच बघा. आमच्याकडे तो विषय आधी एका टेबलाकडे होता, मग बदली झाली, मग निवडणुका लागल्या, मग तो दुसऱ्या टेबलाकडे आला. दुसऱ्या टेबलाला जातीच्या दाखल्याची सवय. जातीच्या दाखल्याला पन्नास वर्षं मागचा पुरावा लागतो, म्हणून यालाही काहीतरी पुरावा लागत असणार, असं त्याला मनापासून वाटतं. पुरावा म्हणजे कागद, आणि शरीराचा पुरावा म्हणजे डॉक्टरचा कागद. त्यात त्याचा द्वेष नाही. नुसत्या माणसाच्या शब्दावर सही करायची वेळ नोकरीत त्याच्यावर कधी आलीच नाही.

पण त्याच्या त्या एका वाक्यानं बाहेर काय होतं ते मी रोज बघतो. कायद्यानं न मागितलेला कागद खिडकीवर मागितला गेला की तो कागद तयार करणारा माणूस आठवड्यात उभा राहतो. उत्पन्नाच्या दाखल्याचं, रहिवासी दाखल्याचं असंच झालं होतं. त्या सोनेरी वेलबुट्टीवाल्या दाखल्याचा पत्ता पोलिसांनी शोधायचा म्हटला, तर कुरियरच्या पावतीवरून ते कुठेतरी पोचतीलही. माझ्या मते तो पत्ता फाटकाच्या आतला आहे.

इथे मला माझंही एक सांगायला हवं, नाहीतर हे पत्र लिहायचा मला हक्क नाही.

कायदा यायच्या आधीची गोष्ट. एक तरुण आला होता, जन्मानं मुलगी म्हणून नोंद झालेला. एका कारखान्यात नोकरी लागत होती आणि कागदांवरचं नाव आणि समोरचा माणूस जुळत नव्हता. काहीतरी करून द्या म्हणाला. मी करून दिलं. ‘प्रमाणपत्र’ असा मथळा घातला, खाली ‘वरील व्यक्ती पुरुष असल्याचे प्रमाणित करण्यात येते’ असं लिहिलं, आणि ओळखीच्या एका डॉक्टरांची सही शिक्क्यासकट घेतली. डॉक्टर होमिओपॅथीचे. त्यांनी त्या मुलाला पाहिलंसुद्धा नव्हतं, माझ्या शब्दावर सही केली. टायपिंगचे मी पन्नास रुपये घेतले. कारखान्याच्या ऑफिसात कुणीतरी विचारलं, हे प्रमाणित कुणी केलं, कुठल्या अधिकारात? त्याला सांगता येईना. नोकरी गेली. तो परत माझ्याकडे आला नाही, भांडायलासुद्धा नाही. चार वर्षांनी एसटी स्टँडवर दिसला, मान वळवून गेला.

तेव्हा त्या साडेचार हजारवाल्यात आणि माझ्यात फरक दराचा.

आता उलटी बाजू. सगळेच खासगी कागद असे नसतात, आणि तुमच्या माणसांना हा फरक करता आला पाहिजे. त्याच सुमाराला एचआयव्हीचं काम करणाऱ्या एका संस्थेसाठी मी एक पत्र टाइप केलं होतं. संस्थेच्या लेटरहेडवर तीन ओळी : सदर व्यक्ती आमच्याकडे तीन वर्षांपासून क्षेत्र कार्यकर्ती म्हणून काम करते, आम्ही तिला या नावाने ओळखतो, हे पत्र तिच्या विनंतीवरून देत आहोत. एवढंच. ती शेजारी उभी राहून स्क्रीनकडे बघत होती. म्हणाली, “नाव जरा मोठं करा ना.” मी बारावरून चौदा केलं. “अजून.” सोळा. “अजून.” वीसवर थांबली. मग ठळक करायला लावलं. प्रिंट हातात घेतल्यावर तिनं वाचलं नाही, नुसतं त्या नावावरून बोट फिरवलं. समोरच्या दुकानातून तिथल्या तिथे लॅमिनेट करून घेतलं.

त्या पत्रावर तिला खोली मिळाली. रेल्वेत एकदा टीसीनं ते बघून सोडलं. त्या कागदात खोटं काही नव्हतं. त्याला जेवढं माहीत होतं तेवढंच तो बोलत होता : आम्ही हिला या नावानं ओळखतो. शाळा, कॉलेज, कंपनी, महिला मंडळ, कुणीही असं पत्र देऊ शकतं आणि द्यावं. कॉलेजनं हजेरीपटावर मुलाला हवं ते नाव घातलं, ग्रंथालयाच्या कार्डावर घातलं, तर त्यासाठी राजपत्राची वाट बघायची गरज नाही. असा कागद कायद्यानं लिंग बदलत नाही, पण तो तसं म्हणतही नाही. खोटेपणा सुरू होतो ‘प्रमाणित करण्यात येते’पासून.

आणि ओळख द्यायची रीत या लोकांत तुमच्या-माझ्या कचेरीपेक्षा जुनी आहे. गुरू चेल्याला नाव देतो, जमातीत त्याची नोंद होते, पुढे वडिलांच्या जागी गुरूचं नाव लागतं. हे अनधिकृतच. पण बघा, ते कुठवर पोचलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकची ग्रामपंचायत निवडणूक आठवत असेल. अंजली पाटील यांनी सर्वसाधारण महिला प्रभागातून अर्ज भरला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी, तृतीयपंथी आहात म्हणून महिलांच्या जागेवर चालणार नाही, असं सांगून तो बाद केला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ ला न्या. रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारायला लावला : त्यांनी आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख निवडली आहे, तो त्यांचा हक्क आहे. त्या निवडूनही आल्या. त्या याचिकेवर अर्जदाराचं नाव आहे ‘अंजली गुरू संजना जान’. गुरूचं नाव उच्च न्यायालयाच्या कागदावर गेलं. साधू-संन्याशांना २०१६ पासून पासपोर्टवर आईवडिलांच्या जागी गुरूचं नाव देता येतंच, त्यामुळे आभाळ कोसळायचं काही कारण नाही.

भादलीच्या गोष्टीत एक गाठ आहे ती मात्र तुम्हाला रोज सोडवावी लागणार. पहिला दाखला, नमुना ३ चा, ‘ट्रान्सजेंडर’ एवढंच म्हणतो. कुणाला त्यावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ हवं असेल तर कलम ७ खाली दुसरा, सुधारित दाखला, नमुना ४. त्यासाठी जिथे उपचार झाले त्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे डॉक्टरचा कागद कायद्यात आहे, पण दुसऱ्या पायरीवर. आमच्याकडचं टेबल तो पहिल्या पायरीवर मागतं. नमुना ३ आणि ४ ची सरमिसळ हे निम्म्या गोंधळाचं मूळ आहे. ती माझ्याकडे आलेली मुलगी पहिल्याच पायरीवर होती. तिला एका डॉक्टराकडेही जायची गरज नव्हती.

आणि दुसऱ्या पायरीवरही सगळे ‘ऑपरेशन झालं का’ विचारतात. कायद्याच्या कलमात शब्द शस्त्रक्रिया आहे, खरं. पण २०२० च्या नियमांत वैद्यकीय हस्तक्षेप असा शब्द घेतला आहे आणि त्याची व्याख्या दिली आहे. त्यात समुपदेशन येतं, हार्मोनचे उपचार येतात, आणि असेल तर शस्त्रक्रिया. मी वकील नाही, पण सत्तावीस वर्षं कलमं टाइप केल्यावर एवढं वाचता येतं. दोन-तीन वर्षं हार्मोनवर असलेल्या माणसाला ‘ऑपरेशनचा कागद आण’ म्हणून परत पाठवलं की तो न झालेल्या ऑपरेशनचा कागद शोधायला लागतो. तो मिळतोही. दर माहीत आहे मला, लिहीत नाही.

माझ्या भाच्याचं कुटुंब इंग्लंडमध्ये आहे. हे सगळं त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, इथे उलटंच आहे. तिथे लिंग ओळखीला मान्यता देणारा २००४ चा कायदा, त्याखाली एक पॅनेल. पॅनेलपुढे डॉक्टरांचे अहवाल द्यावे लागतात आणि दोन वर्षं त्याच ओळखीनं जगल्याचा पुरावा : पगाराच्या पावत्या, बिलं, पत्रं. म्हणजे गल्लीतल्या साध्या कागदांची चळत करून तीवर सरकारी दाखला चढवायचा. फी पूर्वी १४० पौंड होती, २०२१ मध्ये ५ पौंड केली. मी त्याला म्हटलं, बाबा, या एका बाबतीत आपला नियम तुमच्यापेक्षा पुढे आहे. पहिल्या दाखल्याला इथे माणसाचा शब्द पुरतो. तो म्हणाला, मग पुरतो का? मी विषय बदलला.

न दिसणाऱ्या लोकांबद्दल थोडं. तृतीयपंथी म्हटलं की तुमच्या टेबलासमोर एक चित्र असतं : साडी, टाळी, सिग्नल. गेल्या वर्षी एक मुलगा आला, दाढी राखलेला, पाठीला सॅक, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. जन्मदाखल्यावर मुलगी. ऑनलाइन अर्ज भरला होता, तरी समक्ष बोलावणं आलं. पोर्टल काढलं तेच मुळी कुणाला खिडकीवर यायला लागू नये म्हणून, पण असो. आत गेला. टेबलानं मान वर करून पाहिलं आणि म्हणालं, “तुम्ही तृतीयपंथी वाटत नाही.” आता याला काय उत्तर द्यायचं? वाटलं असतं तर पुरावा मागितला असता, वाटत नाही म्हणूनही मागितला. तो बाहेर येऊन माझ्या बाकड्यावर बसून हसत होता, पण हात थरथरत होते त्याचे. त्याचा दाखला शेवटी आला, सत्तराव्या दिवशी. आला हेही लिहितो, नुसत्या तक्रारी करतो असं व्हायला नको.

तिसरी जात त्या कागदांची, जे पुरते अधिकृत आहेत आणि तरी त्यांना खोटं ठरवलं जातं. कायदा यायच्या आधी ज्यांनी आपल्या लिंगाची नोंद रीतसर बदलून घेतली, राजपत्रात नाव छापून आणलं, त्याप्रमाणे आधार, पॅन करून घेतलं, त्यांना नवा दाखला घ्यायची सक्ती नाही. नियमांतच तसं म्हटलं आहे. पण २०१७ चं राजपत्र घेऊन एक बाई रेशनकार्डाला गेल्या तर त्यांना सांगितलं, जुनं चालत नाही, पोर्टलचं आणा. राजपत्र चालत नाही! चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयातून आलेला कागद. मी त्या बाईंना म्हटलं, तुम्ही नवंही काढून ठेवा, भांडत कुठे बसता. त्या म्हणाल्या, “मग मी सात वर्षं कोण होते?” मला हा सल्ला द्यायला नको होता.

तेव्हा माझं मागणं असं आहे.

पोलिसी कारवाईचा विचार आधी दाखला विकणाऱ्याबद्दल करा, विकत घेणाऱ्याबद्दल नको. असला कागद घेऊन कुणी आलं तर तो ठेवून घेताना त्या माणसाला रीतसर पोच द्या आणि त्याच टेबलावर नमुना १ भरून घ्या. तुमच्याकडे बोगस दाखला घेऊन येणारा माणूस हा बहुतेक वेळा खऱ्या दाखल्याला पात्र असलेला माणूस असतो. हे दुसऱ्या कुठल्या बोगस कागदाबद्दल म्हणता येत नाही. बोगस जातीच्या दाखल्यावाला खोटं मिळवायला आलेला असतो. ही मुलगी खरं तेच मिळवायला निघाली होती, फक्त चुकीच्या दुकानात गेली.

कचेरीत माहितीची पाटी आहे, शस्त्र परवान्यापासून सगळं त्यावर आहे. तिथे चार ओळी वाढवा. तृतीयपंथी दाखल्यासाठी डॉक्टरचा कागद लागत नाही. तपासणी होत नाही. तीस दिवसांत मिळतो. नाकारला तर कारण लेखी मिळेल आणि त्यावर नव्वद दिवसांत अपील करता येईल. आणि पाटीवर जागा उरली तर मुद्रांकाबद्दलही लिहा. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क राज्यानं २००४ मध्येच माफ केलं आहे, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा मुद्रांक जाऊन पाचशेचा आला, तेव्हापासून प्रत्येक गरीब माणसाला पाचशेचा घ्यायला लावतात. माझा शेजारी हे वाचून आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही.

दाखला दिला की काम संपलं असंही समजू नका. खरी धावाधाव पुढे आहे. नियमांच्या जोडपत्रात यादी आहे : जन्मदाखला, जातीचा दाखला, शाळेची प्रमाणपत्रं, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, वाहन परवाना, रेशनकार्ड, पासबुक, पासपोर्ट, अगदी वीज-पाणी-गॅसच्या जोडणीपर्यंत. तुमचा दाखला दाखवला की ज्यानं तो कागद दिला त्यानं पंधरा दिवसांत बदलून द्यायचा. प्रत्यक्षात मुख्याध्यापक म्हणतात शाळा सोडल्यावर दाखल्यात बदल माध्यमिक शाळा संहितेत बसत नाही, नगरपालिका म्हणते जन्म एकदाच होतो, बँक म्हणते वरून विचारतो. तुमच्या सहीचं एक परिपत्रक, जिल्ह्यातल्या शाळा, नगरपालिका आणि अग्रणी बँकेला, सोबत ती यादी. त्याचा मसुदा मी फुकट टाइप करून देतो. खरंच देतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ माणसं होती. त्या रकान्यात आपली नोंद सांगायला किती जण धजावले असतील ते सोडा. तुमच्या जिल्ह्याच्या वाट्याचा आकडा काढा आणि तुमच्या लॉगिनवर आजवर किती दाखले गेले ते बघा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायला पाच मिनिटं लागतील.

ती साडेचार हजारवाली मुलगी. तिचा सोनेरी कागद बँकेनं परत दिला होता, तो तिनं माझ्या देखत फाडायला घेतला. मी थांबवलं. म्हटलं फोटो चांगला आलाय, तेवढा कापून घे. तोच फोटो स्कॅन करून ७ मार्चला, शुक्रवारी, तिचा नमुना १ भरला. प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर नोटरी केलं, पीडीएफ मोठी होत होती म्हणून तीनदा लहान केली, चौथ्यांदा चढली. पैसे घेतले नाहीत. जुन्या पन्नास रुपयांचं व्याज म्हणा.

आज एकोणचाळिसावा दिवस आहे. पोर्टलवर ‘प्रलंबित’ दिसतं. काल सुट्टीच्या दिवशीही तिचा फोन आला होता, काही कळलं का. मंगळवारी फाटक उघडलं की बघून सांगतो म्हणालो. आता बघितलं. तेच आहे.

अर्ज क्रमांक कुणी मागितला तर तिला विचारून कळवतो. मी दहा ते सहा फाटकावरच असतो.

आपला,
फाटकाबाहेरचा अर्जनवीस